शिडीवाल्याचा हात

बाई,

त्या मंगळवारी सकाळी मी कणीक मळून ठेवली, बटाट्याच्या काचऱ्या गॅसवर टाकल्या आणि त्या होईपर्यंत कचरा खाली नेऊन ठेवला. मंगळवार म्हणजे जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. निळी जाळी उचलायची, पिशवी आत सरकवायची, जाळीची कड विटेखाली दाबायची. नाहीतर कावळे सगळं रस्त्यावर पसरतात आणि मग शेजारची आजी दाराशी येऊन अर्धा तास हसऱ्या तोंडाने रागावते. वर आले तर काचऱ्या एका बाजूने लागल्या होत्या. हे, म्हणजे माझा नवरा, दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. वासावरूनच म्हणाले, "लागल्या वाटतं." मी म्हटलं, "थोड्या. चालतील का?" ते म्हणाले, "चालतील की." डबा घेतला आणि तोयोसूच्या ऑफिसला गेले. मी बाल्कनीत गाद्या वाळत टाकल्या, लेकीला सायकलच्या मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला, तिला बालवाडीत सोडलं आणि तशीच तुमच्या वर्गाला आले. गाद्या त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बाहेरच राहिल्या.

तोंडावर मी तुम्हाला इथल्या रीतीप्रमाणे सेन्सेई म्हणायचे, मनात मात्र बाई. आमच्या शाळेत शिकवणाऱ्या सगळ्या बाईच असायच्या. तुम्हाला मराठी येत नव्हतं, एक शब्द सोडला तर. आणि तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी मराठीतच लिहिते आहे. हे गेल्यानंतर तुम्ही माझ्या दारात आलात तेव्हा मी तुम्हाला तीन शब्द बोलले. ते तीन शब्द घेऊन तुम्ही गेलात, आधी माझ्या दारातून आणि मग कायमच्या. ते शब्द खोटे होते. हे मला मागच्या महिन्यात कळलं, आणि आता ते परत कुणाकडून घ्यायचे हे मला कळत नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा मी जपानात, इचिकावात येऊन सात महिने झाले होते. यांच्या कंपनीने पुण्याहून पंधरा-वीस जणांना पाठवलं होतं. बाकीच्यांच्या बायका इंग्रजी बोलायच्या, दुकानात, स्टेशनवर, कसंही करून निभावून न्यायच्या. मी सातारा जिल्ह्यातली, मराठी शाळेत बारावी झालेली. मला इंग्रजी वाचता यायचं पण तोंडातून निघायचं नाही, आणि जपानी तर डोळ्यांपुढे नुसती नक्षी. दुकानातून मीठ म्हणून साखर आणली, ती दोनदा. सगळं कुणीतरी मला समजावून सांगायचं. टीव्हीवर काय म्हणाले ते हे सांगायचे, बालवाडीच्या चिठ्ठीत काय आहे ते मुंबईची मैत्रीण सांगायची. तीच मला तुमच्या वर्गाला घेऊन आली. सार्वजनिक सभागृहाचा दुसरा मजला, दहा ते बारा, आम्ही सात-आठ बायका आणि तुम्ही. पांढरे बारीक कापलेले केस, गळ्यात दोरीला बांधलेली लाल पेन्सिल. त्या पेन्सिलीची मला भीती वाटायची. मग तुम्ही माझ्या वहीत चुकलेल्या अक्षरावर फुली न मारता शेजारी तेच अक्षर नीट काढून दाखवायचात, तेव्हा भीती गेली.

पुस्तकातले धडे आमच्या गळी उतरत नाहीत हे तुम्ही ओळखलंत, आणि एका मंगळवारी चाकांच्या टेबलावरून टीव्ही ढकलत वर्गात आलात. म्हणालात, इंग्लंडचा सिनेमा आहे, काळजी करू नका, यात कुणी फारसं बोलतच नाही. एक काडीसारखा उंच माणूस शेजाऱ्याकडून शिडी मागून आणतो. कौलावरचा चेंडू काढायचा असतो. शेजारी बोट दाखवून बजावतो, संध्याकाळच्या आत परत पाहिजे. घर शेजारीच, भिंतीला भिंत लागून. पण मधलं फाटक अडकून बसतं, म्हणून हा शिडी खांद्यावर घेऊन रस्त्याने वळसा घालून निघतो, आणि तो वळसा काही संपत नाही. पाद्र्याला नमस्कार करायला वळतो तर शिडीचं मागचं टोक एका म्हाताऱ्याची टोपी उडवून दुधाच्या हंड्यात टाकतं. टोपी काढायला वाकतो तर सायकलींची रांगच्या रांग आडवी होते. एकदा शिडी बसच्या एका खिडकीतून आत आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर जाते, बस सुटते, आणि हा शिडीला लोंबकळत दुसऱ्या गावात पोचतो. सबंध सिनेमात तो "सॉरी" सोडून काही बोलत नाही. मी त्या दिवशी इतकी हसले की मैत्रिणीने माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. बाई, त्या सात महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणी काही समजावून सांगत नव्हतं. जे सगळ्यांना दिसत होतं तेच मला दिसत होतं, आणि त्याच वेळी.

तुम्ही दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवायचात. तो पडला की आम्ही सगळ्यांनी ओरडायचं, "दाइजोबु देस का?" म्हणजे, ठीक आहात ना? मग तो उठून, तोंड वाकडं करून, पंजा छातीपुढे असा दोनदा हलवायचा, आणि आम्ही त्याच्या वतीने म्हणायचं, "दाइजोबु देस." ठीक आहे. मग तुम्ही विचारायचात, कुणामुळे पडला? आम्ही म्हणायचं, "हाशिगो नो सेइ." शिडीचा दोष. टोपी पडली, कुणामुळे? वाऱ्याचा दोष. सायकली पडल्या? पाद्र्याचा दोष. त्यावर मात्र तुम्ही हसून म्हणालात, पाद्र्याला कशाला मध्ये ओढता, तो बिचारा नमस्कार करत होता. अशा रीतीने मी दोष द्यायला तुमच्याकडून शिकले.

आणि तुम्ही माझ्याकडून एक शब्द शिकलात. मधल्या सुट्टीत मी आणि मैत्रीण डबा उघडायचो. ती विचारायची, "अगं, शिळी पोळी आहे, चालेल?" मी म्हणायचे, "चालेल." "लोणचं संपलंय." "चालेल." "मंगळवारी तुझ्याकडे येऊ?" "चालेल." तुम्ही ऐकत होतात. एक दिवस हातातली पेन्सिल उचलून विचारलंत, हे चारेरु, चारेरु काय आहे? तुमच्या जिभेला आमचा ल वळायचा नाही. मैत्रीण म्हणाली, हा महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा शब्द आहे. मग आम्ही दोघींनी मिळून सांगायचा प्रयत्न केला. फार आवडलं असं नाही, पण हरकत नाही, असू दे, आण, कर, ये. तुम्ही विचार करून म्हणालात, मग हे दाइजोबु झालं की. मला इतका आनंद झाला की मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, दाइजोबु म्हणजे चालेल, आणि खाली दोन रेघा मारल्या. सगळं आयुष्य मी ज्या एका शब्दावर काढत आले होते त्याला इथं जोडीदार सापडला होता. त्यानंतर मी सगळीकडे तोच वापरला. तुम्हीही वर्ग संपला की माझ्याकडे बघून म्हणायचात, "पुढचा मंगळवार, चारेरु?"

घरी मी यांना सिनेमा करून दाखवायचे. कपडे वाळत घालायची लांब नळी खांद्यावर घेऊन मी त्या एवढ्याशा खोलीत वळसे घ्यायचे आणि लेक मागून ओरडायची, "दाइजोबु?" एकदा नळीचं टोक दिव्याला लागलं, काचेचा गोल खाली आला आणि यांच्या ताटातल्या आमटीत पडला. फुटला नाही. यांनी तो आमटीतून काढला, पुसला आणि पंजा छातीपुढे दोनदा हलवला. लेक जमिनीवर लोळत हसली. हे म्हणाले, "तू क्लासला जातेस की थेटरात?" मी म्हटलं, "थेटरातच. तुम्ही पण या की एकदा, सुट्टी काढून." म्हणाले, "आम्हाला कुठली सुट्टी. शिडी पोचली की सांग, म्हणजे झालं."

त्या मंगळवारी सिनेमा शेवटाकडे आला होता. तो माणूस दमून एका बंगल्याच्या पायरीवर बसलेला असतो, शिडी मांडीवर आडवी. आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन येते. तिथं तुम्ही सिनेमा थांबवलात, वह्या गोळा केल्यात, आणि म्हणालात, आता नीट बघा, हा प्रसंग महत्त्वाचा आहे. तेवढ्यात माझा फोन वाजला. यांच्या ऑफिसातून होता. हे मीटिंगमध्ये बोलता बोलता खाली पडले होते. वर्गात पडणे या शब्दावर आम्ही चार मंगळवार हसत होतो, म्हणून तो मला लगेच समजला. तुम्ही माझी सायकल तिथंच ठेवायला सांगितलीत आणि मैत्रिणीला माझ्याबरोबर टॅक्सीत बसवलंत. टॅक्सीचं दार लागताना तुम्ही काचेपलीकडून काहीतरी म्हणालात, ते मला ऐकू आलं नाही.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. हे तीन आठवडे दवाखान्यात होते आणि त्या तीन आठवड्यांत माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. मी रोज लेकीला बालवाडीत सोडून जायचे आणि तिला आणायच्या वेळेला निघायचे. डॉक्टरांनी मैत्रिणीकडून सांगितलं होतं की असेच महिनोन्महिने राहू शकतात, किंवा कधीही जाऊ शकतात. बोलत राहा, असंही सांगितलं होतं. काय बोलणार? गावच्या गोष्टी संपल्या, लेकीच्या संपल्या, देवाचं म्हणून झालं. मग मी त्यांच्या कानाशी तो सिनेमा सांगायला लागले. आता टोपी दुधात पडली, आता बस सुटली. रोज पायरीवरच्या चहापर्यंत यायचे आणि पुढचं माहीत नसल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा वाटलं, आपल्या मनाने शेवट करावा, शिडी पोचली म्हणावं, म्हणजे हे ऐकून डोळे उघडतील. मग भीती वाटली की ऐकायचं होतं ते ऐकलं म्हणून निघून जातील. बाई, माणूस कशाकशाला धरून बसतो. मी शिडीला धरून बसले होते.

चौथ्या गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास नर्स आली. मऊ आवाजाची, वयाने माझ्याएवढी. तिने यांच्या बोटाला लावलेला चिमटा पाहिला, चादर सारखी केली आणि माझ्याकडे वळून एक लांब वाक्य बोलली. त्यातले मला तीन शब्द कळले, आज, खुर्ची आणि सोबत. आता मला जपानी येतं, म्हणून ते वाक्य मी मागे जाऊन जोडू शकते. ती म्हणाली होती, आज तुम्ही सोबत थांबणार असाल तर बसायला चांगली खुर्ची आणून देऊ का? मी हसून म्हटलं, "दाइजोबु देस." माझ्या मनात होतं, चालेल, आणा. आणि म्हणताना माझा पंजा आपोआप छातीपुढे आला आणि दोनदा हलला, त्या शिडीवाल्यासारखा. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मान लववली आणि गेली. खुर्ची आली नाही. मी उभी राहिले. मग मला वाटलं, आज थांबायची परवानगी नसेल. यांच्या कपाळावर हात ठेवला, म्हटलं, लेकीला आणायला जाते, उद्या येते. पाच वाजायच्या आत फोन आला. तेव्हा मी लेकीचे मोजे धूत होते.

मैत्रीण आली. दवाखान्यात ती नर्सशी बोलली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "मला थांबू का दिलं नाही ते विचार." ती म्हणाली, "असू दे आता." मी म्हटलं, "विचार." ती म्हणाली, "विचारलंय गं. ती म्हणते, आज त्यांची लक्षणं बरी दिसत नव्हती म्हणून तुला विचारलं होतं. तू नको म्हणालीस." मी म्हटलं, "मी दाइजोबु म्हटलं." मैत्रिणीने डोळे मिटले. "अगं, तेच," ती म्हणाली. "काही देऊ का विचारल्यावर दाइजोबु म्हटलं की ते नको असं होतं."

तुम्ही नवव्या दिवशी आलात. काळा कोट, हातात संत्र्यांची जाळी. माझी सायकल तुम्ही सभागृहापासून स्वतः ढकलत आणली होती, दोन स्टेशनांचं अंतर, कारण कुलपाची किल्ली माझ्याकडे होती आणि मागचं चाक फिरत नव्हतं. मागचं चाक उचलून धरत, तुमच्या वयाला. ते मी पाहिलं आणि तरीही माझं मन निवलं नाही. तुम्ही काही बोलायच्या आत मी म्हटलं, "सेन्सेई नो सेइ." बाईंचा दोष. मग माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, दाइजोबु तुम्ही शिकवलंत, मी नर्सला दाइजोबु म्हटलं, ते एकटे गेले. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. तुम्ही जिन्याच्या त्या सिमेंटवर कमरेतून वाकलात आणि कितीतरी वेळ वर आला नाहीत. मला सबब नाही, असं इथं म्हणतात, ते म्हणालात. लेक आतून आली आणि तुम्हाला वाकलेलं बघून म्हणाली, "दाइजोबु?" तिला वाटलं आपण सिनेमा खेळतो आहोत. मी दार लावलं. संत्री बाहेर राहिली.

त्यानंतर मी वर्गाला आले नाही. भारतातही परत गेले नाही. सासरी जाऊन काय सांगणार होते, तुमच्या मुलाला एकटं सोडून मी मोजे धूत होते? शाळांच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, तिथं बोलायला फार लागत नाही. लेक पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकातून मी तिच्याबरोबर अक्षरं शिकले. ती दुसरीत गेली, मीही गेले. ती पुढे निघून गेली, मी पाचवीच्या पुस्तकात दोन वर्षं राहिले. पण वाचायला लागले. आधी तांदळाच्या पोत्यावरचं, मग स्टेशनवरचं, मग वाचनालयातून लहान मुलांची पुस्तकं, मग मोठ्यांची. नववर्षाला तुमचं कार्ड यायचं, दर वर्षी. लेक वाचून दाखवायला बघायची, मी म्हणायचे, ठेव तिकडे. ती म्हणायची, "आई, हे सेन्सेई कोण?" मी सांगायचे, एक होत्या. एका वर्षी कार्डाऐवजी काळ्या कडेचं पत्र आलं. ते मी माझं मीच वाचू शकले. यंदा आमच्याकडे दुखवटा आहे, म्हणून शुभेच्छा पाठवत नाही, असं तुमच्या सूनबाईंनी लिहिलं होतं. मी ते घडी घालून सुऱ्यांच्या खणात ठेवलं आणि कामाला गेले. त्या दिवशी चारशे मुलांचा करी-भात होता.

मागच्या महिन्यात लेक त्सुकुबाला नोकरीवर रुजू झाली. मी एकटीच, म्हणून लहान घर बघितलं आणि सामान आवरायला काढलं. यांच्या सुटकेसमध्ये, त्यांच्या स्वेटरखाली, माझी तुमच्या वर्गातली वही होती. तुम्ही त्या दिवशी गोळा केलेली. मैत्रिणीने ती दवाखान्यात आणून दिली होती आणि मी न उघडता बॅगेत टाकली होती, तेव्हा उघडली असती तरी वाचता कुठं येत होतं. मी जमिनीवर बसून पानं उलटली. दाइजोबु म्हणजे चालेल, दोन रेघा. मराठी तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण दाइजोबु हा शब्द मी जपानी अक्षरांत काढला होता, तेवढ्यावरून तुम्ही ओळखलं असणार. बाजूला लाल पेन्सिलीने, लहान मुलांना लिहितात तशा सुट्या सोप्या अक्षरांत तुम्ही लिहिलं होतं, "चारेरु, बरोबर. पण सावध राहा. काही देऊ का असं विचारल्यावर दाइजोबु म्हटलं तर त्याचा अर्थ नको असा होतो. हवं असेल तर हो म्हणा. चहाचा प्रसंग पुढच्या मंगळवारी आपण मिळून पुन्हा पाहू." खाली एक छोटी शिडी काढली होती.

मैत्रीण आता पुण्यात असते. मी तिला फोन केला. म्हटलं, "सिनेमातला तो चहाचा प्रसंग तुला आठवतो का?" ती म्हणाली, "न आठवायला काय झालं. ती बाई चहा देते, हा नुसता हात हलवतो, आपलं ते दाइजोबु, ती ट्रे घेऊन आत जाते. आणि हा तिथंच तोंड उघडून बसतो, कारण त्याला चहा हवा असतो. पुढच्या मंगळवारी आपल्या बाईंनी तो तीनदा लावला. तू नव्हतीस ना त्या दिवशी." मी म्हटलं, "मला कधी बोलली नाहीस." ती म्हणाली, "कधी बोलणार होते? तुझ्या नवऱ्याच्या उशाशी?" मग म्हणाली, "त्यानंतर बाईंनी तो सिनेमा पुन्हा कधी दाखवला नाही गं. मी एकदा म्हटलं होतं, तर म्हणाल्या, टेप खराब झाली." माझ्या दारात मी तुम्हाला काय बोलले हे मी तिला सांगितलेलं नव्हतं, आणि तुम्हीही सांगितलं नव्हतंत.

माझ्या वहीत काय लिहिलं आहे ते तुम्हाला त्या जिन्यावर आठवत असणार. एक वाक्य बोलला असतात तर मी खोटी पडले असते. तुम्ही वाकलात आणि तो दोष स्वतःकडे घेतलात, कारण मला तो कुठंतरी ठेवायला जागा हवी होती. मी ती जागा इतकी वर्षं वापरली. आता ती काढून घेतल्यावर खाली काय आहे ते मला दिसतं, आणि ते मी फक्त मराठीतच लिहू शकते. खुर्ची आली नाही तेव्हा मी किती वेळ उभी होते? पंधरा मिनिटं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तीन-चार असतील. बाहेरच्या टेबलाशी जाऊन खुर्ची हा शब्द मला म्हणता आला असता, तो येत होता. मी गेले नाही. तीन आठवडे त्या खोलीत स्टुलावर बसून माझी कंबर मोडली होती, सिनेमा सांगून माझा मला वीट आला होता, आणि खुर्ची येत नाही असं दिसल्यावर मला बरं वाटलं. घरी जायचं होतं मला. गरम पाण्याने अंघोळ करायची होती. नर्सने ते मराठीत विचारलं असतं, आज थांबता का, तर मी काय म्हटलं असतं हे मला आजही ठाऊक नाही. शब्द चुकला हे खरं. पण हात कुणी हलवला, बाई?

हे मी त्याच वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर लिहिते आहे. पाठवायला पत्ता आहे, वाचायला कुणी नाही, आणि कुणी असतं तर मी लिहिलंही नसतं. शिडी परत पोचली की नाही ते मी मैत्रिणीला विचारलं नाही. ती सांगायला लागली होती, मीच फोन ठेवला. यांना सांगायचं राहिलं आहे, ते मला आधी कळून काय उपयोग.

वही सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नववर्षाच्या कार्डांवरचा पत्ता घेऊन तुमच्या घरी गेले. सूनबाईंनी दार उघडलं. मी तुमची जुनी विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत, तुमच्या फोटोपुढे बसवलं. मी उदबत्ती लावली, हात जोडले. त्यांनी विचारलं, चहा आणू का? माझा हात छातीपर्यंत वर आला होता. तो मी दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "हाय, इतादाकिमास." हो, घेईन. त्यांनी चहा आणला, मी तो प्यायले. मग पिशवीतून वही काढली, लाल अक्षरांचं पान उघडलं आणि त्यांना वाचायला दिलं.